फीचे पैसे शोधायला प्रवेशाआधी निघा

कॉलेजच्या ऑफिसात माझ्या टेबलाचं नाव 'स्कॉलरशिपवाल्या मॅडम'. टेबलाचं आणि माझं नाव एकच पडलं होतं. निवृत्त होईपर्यंत मी त्या टेबलावर एकच वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकलं: "मॅडम, अ‍ॅडमिशन झालंय, आता स्कॉलरशिपचं काय ते बघायचं होतं."

या वाक्यात क्रमच उलटा आहे. एका सप्टेंबरात एक शेतकरी बाप इंजिनिअरिंगच्या मुलाला घेऊन आला होता. उत्पन्नाचा दाखला होता, सातबारा होता, सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेले. पण 'हातची जागा जाईल' या भीतीने त्यांनी पहिल्याच आठवड्यात मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेऊन टाकली होती. त्या जागेला सरकारी शुल्कसवलत लागू नाही. मुलाला तेवढ्याच मार्कांवर कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या, पुढच्या फेरीत दुसऱ्या कॉलेजात जागा मिळाली असती आणि शिक्षण शुल्क निम्म्यावर आलं असतं. माझ्याकडे त्यांना देण्यासारखं फक्त पाणी होतं.

म्हणून हा लेख. महाराष्ट्रात राहणारं मूल बारावी किंवा डिप्लोमा करून पदवीला निघालंय, घरात याआधी कुणी ही वाट चाललेलं नाही आणि फीचा आकडा बघून पोटात गोळा आलाय, अशा घरासाठी लिहितेय.

आधी जागेचा प्रकार बघा, मग कॉलेजचं नाव

इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए, कृषी, विधी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याचा सीईटी सेल करतो. त्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेला सगळे 'कॅप' म्हणतात. शुल्कसवलतीच्या बहुतेक राज्य योजनांची पहिली अट हीच असते की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. त्याच कॉलेजात, त्याच वर्गात, शेजारच्या बाकावर बसणारा मुलगा संस्था पातळीवरच्या किंवा मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेवर आला असेल, तर त्याला ही सवलत नाही. अभिमत विद्यापीठं आणि खासगी विद्यापीठंही या योजनांच्या बाहेर राहतात. त्यांची स्वतःची शिष्यवृत्ती असू शकते, पण ती त्यांच्या मर्जीची. पहिल्या वर्षी असते आणि पुढच्या वर्षासाठी अमुक सीजीपीए (सरासरी गुणांक) हवा असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते बारीक अक्षर प्रवेशाआधी वाचा, लेखी मागा.

कॅपमधून जागा घेतली तर काय मिळू शकतं?

मुलींसाठी चित्र २०२४ मध्ये एकदम बदललं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत पूर्ण, म्हणजे १०० टक्के सवलत मिळते. आधी ती ५० टक्के होती. सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित, तिन्ही प्रकारच्या कॉलेजांत ती लागू आहे, अट कॅपची. मुलीला 'जवळच्या कॉलेजात बीए करू दे, इंजिनिअरिंग परवडत नाही' असं म्हणणाऱ्या घरांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, जुन्या लोकांच्या तोंडी 'ईबीसी'. उत्पन्नाची मर्यादा तीच, ८ लाख. व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं. एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना हा लाभ मिळतो. तिसऱ्या मुलाच्या वेळी ही अट आठवली म्हणून ऑफिसात वाद घालणारे पालक मी पाहिलेत, त्याने नियम बदलत नाही.

अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर दार बंद होत नाही. 'फ्रीशिप' नावाची वेगळी योजना असते, तीत शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळतं, फक्त निर्वाह भत्ता मिळत नाही. "आमचं उत्पन्न तीन लाख आहे, आम्हाला काही मिळत नाही" असं म्हणून अर्जच न केलेली कितीतरी घरं मला माहीत आहेत. विमुक्त जाती, भटक्या जमाती, ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग यांच्या योजनाही राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर आहेत.

आणि एक योजना अशी, जी बहुतेकांना प्रवेश संपल्यावर कळते. एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, नियमानुसार तांत्रिक अभ्यासक्रमांत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा शुल्कमाफीच्या असतात. याला टीएफडब्ल्यूएस म्हणतात. उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं, जातीची अट नाही, मुलगा-मुलगी कुणीही चालतं, आणि निवड मार्कांवर. शिक्षण शुल्क पूर्ण माफ. गंमत अशी की यासाठी नंतर अर्ज करायची सोयच नाही. कॅपचा पसंतीक्रम भरताना या जागांचा चॉईस कोड वेगळा असतो, तो कोड तुम्ही यादीत टाकला तरच विचार होतो. पसंतीक्रम भरताना प्रत्येक शाखेचे दोन्ही कोड शोधा, आधी टीएफडब्ल्यूएसचा टाका, त्याच्या खाली त्याच शाखेचा साधा. टीएफडब्ल्यूएसचा कटऑफ साध्या जागेपेक्षा वर जातो, मग तो मिळाला नाही तर खालचा आहेच. फॉर्म नेट कॅफेवाल्याकडून भरून घेत असाल तर समोर बसून कोड वाचून घ्या. कॅफेवाल्याला घाई असते, फी तुम्हाला भरायची असते.

फीची पावती फोडून बघा

'निम्मी फी माफ' ऐकलं की माणूस एकूण फीचे दोन भाग करतो आणि तिथेच फसतो. पावतीत शिक्षण शुल्क असतं, विकास शुल्क असतं, परीक्षा शुल्क, विद्यापीठाचं शुल्क, अनामत रक्कम, कुठे जिमखाना, कुठे ग्रंथालय. सवलत मिळते ती शिक्षण शुल्कावर, योजनेत असेल तर परीक्षा शुल्कावरही. विकास शुल्क तुमच्याच खिशातून जातं. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि मंजूर आकडे जाहीर करतं, तेव्हा कॉलेजने सांगितलेला आकडा तिथल्या आकड्याशी ताडून बघता येतो.

एक कागद घ्या. डाव्या बाजूला चार वर्षांचा खर्च लिहा: शिक्षण शुल्क, बाकीची शुल्कं, राहणं, जेवण, प्रवास, पुस्तकं, लॅपटॉप. उजव्या बाजूला येणारे पैसे: खात्रीचे वेगळे, 'बहुतेक मिळतील' असे वेगळे. पहिल्या वर्षाचाच हिशोब करून थांबू नका. पहिल्या वर्षाची फी गाय विकून, दागिना गहाण ठेवून कशीही भरली जाते. मुलं अडकतात ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात.

दुसरी गोष्ट, सरकारी पैसा उशिरा येतो. कधी सहा महिन्यांनी, कधी वर्ष उलटून. पात्र विद्यार्थ्याकडून माफ होणारा भाग प्रवेशाच्या वेळी मागू नये, अशा सूचना सरकारने वेळोवेळी काढल्या आहेत, तरी काही कॉलेजं 'आधी भरा, आली की परत देऊ' म्हणतात. अशा वेळी भांडू नका, गप्पही बसू नका. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा, त्यात योजनेचं नाव लिहा, हप्ते मागा, आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा. शिक्का मारलेला कागद टेबलावर आला की आम्हा कारकुनांचा आवाज आपोआप खाली येतो. हे मी आतून सांगतेय.

कागद: मार्चमध्येच सुरुवात

निकाल लागल्यावर तहसील कार्यालयात जी रांग लागते, तीत उभं राहायचं नसेल तर बारावीचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी दाखल्यांच्या मागे लागा. अर्ज 'आपले सरकार' सेवा केंद्रात किंवा घरूनही करता येतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. मालकाने लेटरहेडवर लिहून दिलेलं चालत नाही, नुसतं पगारपत्रक चालत नाही. त्याच्यावर वैधतेची तारीख छापलेली असते, बहुधा ३१ मार्च, आणि ती कोणत्या वर्षाची आहे हे बघायला लोक विसरतात. गेल्या वर्षीचा दाखला जोडून अर्ज परत आलेली मुलं दरवर्षी असतात. उत्पन्न म्हणजे आई आणि वडील दोघांचं मिळून. आई शिवणकाम करते ते 'उत्पन्न थोडंच' असं म्हणू नका. खरं तेच सांगा, कारण हाच आकडा पुढे बँकेतही दाखवायचा आहे आणि दोन ठिकाणी दोन आकडे निघाले तर दोन्हीकडे अडकाल.

राखीव प्रवर्गातून प्रवेश घेणार असाल तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते आणि त्याला वेळ लागतो, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत जावं लागतं. म्हणून मूल अकरावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अर्ज टाकायचा. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी असाल तर नॉन क्रिमीलेअर हवं. वय-अधिवास दाखला, रेशन कार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला हे नेहमीचे. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आज तपासा. आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, बँकेत आडनाव आधी. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट माणसाला तीन ऑफिसांत फिरवते. दहावीची मार्कशीट प्रमाण धरा आणि बाकीचं तिच्याप्रमाणे करून घ्या.

बँक खातं

ही पायरी लहान आहे, पण मंजूर झालेले पैसे अडकतात ते इथेच.

खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर हवं. आणि 'आधार लिंक आहे' एवढं पुरत नाही. बँकेत आधारची झेरॉक्स देऊन केवायसी होणं वेगळं आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी आधार त्या खात्याशी जोडलं जाणं वेगळं. सरकारी पैसा खाते क्रमांकावर जात नाही, आधार क्रमांकावर जातो, आणि एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत त्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव असेल तिथे पडतो. अशी बँक एका वेळी एकच असते. मुलीने मोबाईलवर हौसेने नवं डिजिटल खातं उघडलं, तिथे टिक करून संमती दिली, की नोंद बदलते. मग पैसे त्या विसरलेल्या खात्यात जातात आणि घरचे म्हणतात सरकारने दिलेच नाहीत. आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. अर्ज करण्याआधी एकदा आणि मंजुरीनंतर एकदा बघा.

शाळेत असताना उघडलेलं लहान खातं असेल तर त्याला जमा रकमेची मर्यादा असू शकते. बँकेत जाऊन ते साधं बचत खातं करून घ्या.

महाडीबीटीवरचा अर्ज

राज्याच्या योजनांसाठी महाडीबीटी हे एकच पोर्टल. आधार आणि ओटीपीने नोंदणी करायची, मग प्रोफाइल भरायचं: वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, सध्याचा अभ्यासक्रम, मागचं शिक्षण, वसतिगृह. प्रोफाइल पूर्ण झालं की तुम्हाला लागू होणाऱ्या योजनांची यादी पोर्टल स्वतःच दाखवतं. यादीत अपेक्षित योजना दिसत नसेल तर दोष बहुतेक वेळा प्रोफाइलमध्ये असतो: प्रवर्ग चुकलेला, उत्पन्नाचा आकडा चुकलेला, प्रवेश कॅपमधून झाला हे नोंदवायचं राहिलेलं, किंवा सारख्या नावाच्या दोन कॉलेजांतलं भलतंच निवडलेलं.

मोबाईल नंबर स्वतःचा द्या, कॅफेवाल्याचा किंवा मित्राचा नको. युजरनेम-पासवर्ड वहीत लिहून ठेवा. हसू नका, दुसऱ्या वर्षी माझ्यासमोर येणाऱ्या दहातल्या चार मुलांना पासवर्ड आठवायचा नाही.

'सबमिट' केलं की काम झालं असं वाटतं. तिथून पुढचा प्रवास कॉलेजच्या टेबलावरून होतो. कॉलेजचा कारकून कागद तपासतो, पुढे पाठवतो, मग संबंधित विभाग तपासतो. काही चूक सापडली तर अर्ज परत पाठवला जातो आणि तो तुमच्या लॉगिनमध्ये पडून राहतो. दुरुस्त करून पुन्हा सादर करायची मुदत निघून गेली की त्या वर्षाचा लाभ गेला. म्हणून अर्ज केल्यापासून दर शनिवारी एकदा लॉगिन करून स्थिती बघायची, एवढी सवय लावून घ्या. अर्जाची प्रिंट आणि कागदांचा संच कॉलेजात जमा केल्याची पोच घ्या. आणि टेबलापलीकडच्या माणसाशी नाव घेऊन बोला. आमच्याकडे शेकड्यांनी अर्ज असतात, ज्याचा चेहरा आठवतो त्याची फाइल आधी हाताला लागते. बरोबर नाही, पण तसं होतं.

केंद्राच्या योजना

यातल्या बहुतेक राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर. तिथे आधी वन टाइम रजिस्ट्रेशन करून एक कायमचा क्रमांक घ्यावा लागतो.

बारावीला आपल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती बघा. देशभरात वर्षाला ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या असतात, त्यातल्या निम्म्या मुलींना. पदवीला वर्षाला १२,००० रुपये. पर्सेंटाइल आणि टक्के एक नव्हेत. ८० पर्सेंटाइल म्हणजे बोर्डातल्या वरच्या २० टक्क्यांत असणं, आणि ती रेषा अनेकदा ८० टक्के मार्कांच्या बरीच खाली असते. 'मला ७४ आहेत, मी बसत नाही' असं स्वतःच ठरवू नका. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते.

एआयसीटीई मान्य पदवी किंवा डिप्लोमाला असलेल्या मुलींसाठी 'प्रगती' आहे: वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींना. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तशीच 'सक्षम', आणि अनाथ विद्यार्थ्यांसाठी 'स्वनाथ'. मूलभूत विज्ञानात बीएस्सी करणाऱ्या, बोर्डात वरच्या १ टक्क्यात आलेल्यांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० पर्यंत. बीएस्सीला जाणाऱ्या हुशार मुलाला 'काय त्यात' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा आकडा सांगावा.

एका वेळी दोन सरकारी शिष्यवृत्त्या सहसा घेता येत नाहीत. मोठी कोणती ते पावती बघून ठरवा. शिक्षण शुल्क वर्षाला ९०,००० असेल आणि ते पूर्ण माफ होत असेल, तर ५०,००० च्या मागे धावून ते घालवू नका.

राहणं आणि जेवण

पूर्वी गावाकडून पुण्यात शिकायला आलेली मुलं वार लावून जेवायची, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. आता वार गेले, मेस आली, आणि कित्येक मुलांचा मेसचा खर्च फीपेक्षा जास्त होतो.

समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, तिथे आधी अर्ज करा. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याला वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्याच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० अशी तिची रचना आहे. वसतिगृहाचा अर्ज केला होता याचा पुरावा जपा, पुढे तोच कामी येतो. अनुसूचित जमातींसाठी 'स्वयम', ओबीसींसाठी 'आधार' या नावाच्या योजना त्याच धर्तीवर आहेत. अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आणि तो शाहू महाराज योजनेच्या जोडीने घेता येतो. ही जोडी पुष्कळांना माहीत नसते.

पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी संस्था ग्रामीण मुलामुलींना कमी खर्चात राहण्या-जेवण्याची सोय देते, तिथे मुलाखतीने प्रवेश होतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली 'कमवा आणि शिका' ही पद्धत आज अनेक विद्यापीठांत आहे. ग्रंथालयात, बागेत, ऑफिसात तासांवर काम. पैसे थोडे, पण महिन्याचा रिचार्ज आणि बसपास त्यातून सुटतो.

ट्रस्टना लिहायचं पत्र

सरकारी योजनांतून जे भोक उरतं ते बुजवायला ट्रस्ट, कंपन्यांचे फाउंडेशन, ज्ञातिसंस्था, रोटरीसारखे क्लब, कॉलेजचे माजी विद्यार्थी. रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पूर्ण पदवीसाठी मिळून २ लाखांपर्यंत, आणि उत्पन्न मर्यादा १५ लाख असल्याने मध्यमवर्गही तीत बसतो. पुण्यात मुलींसाठी लीला पूनावाला फाउंडेशन आहे. पण मोठ्या नावांपेक्षा तालुक्याच्या गावातला छोटा ट्रस्ट जास्त हाती लागतो, कारण तिथे अर्जच वीस-पंचवीस येतात. कॉलेजच्या सूचनाफलकावर, तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे, पतसंस्थेच्या वार्षिक अहवालात त्यांची नावं सापडतात.

इथे मात्र पत्र लिहावं लागतं, आणि मुलं ते फार वाईट लिहितात. "मी एक गरीब व होतकरू विद्यार्थी असून माझी घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे, तरी आपण मला मदत करावी ही नम्र विनंती." अशी पत्रं विश्वस्तांसमोर ढिगाने असतात. त्यातून कुणालाच काही कळत नाही. हे बघा:

"मी बी. फार्मसीच्या पहिल्या वर्षात शिकते. वडील रिक्षा चालवतात, आई घरी शिलाईकाम करते. वार्षिक उत्पन्न २ लाख १० हजार, दाखला जोडला आहे. शिक्षण शुल्क सरकारी योजनेतून माफ झालं आहे. विकास शुल्क आणि मेस मिळून वर्षाला ५८,००० रुपये लागतात. त्यातले ३०,००० घरून येतील. उरलेल्या २८,००० पैकी आपण जे देऊ शकाल ते सांगावे. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका मी पाठवेन."

वाचणाऱ्याला कळतं की पोरीने हिशोब केलाय, आधी सरकारचं दार वाजवून आलीय, आणि नेमकं किती हवंय. दुःख वाढवून लिहू नका, लपवूही नका. आणि मदत मिळाली तर गुणपत्रिका खरंच पाठवा. पुढच्या वर्षीचा चेक त्यावर असतो.

कर्ज, सगळ्यात शेवटी

वरचं सगळं करून जी तूट उरली, तेवढंच कर्ज. बँक १० लाख देतेय म्हणून १० लाख घेऊ नका.

सरकारी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत तारण नसतं आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. साडेसात लाखांपर्यंत सरकारच्या पतहमी योजनेमुळे (सरकार बँकेला हमी देतं) तारण लागत नाही. त्यावर मालमत्ता तारण. परतफेड अभ्यासक्रम संपून साधारण एक वर्षाने सुरू होते. पण हप्ता थांबला म्हणजे व्याज थांबलं, असं समजू नका. चार वर्षांच्या कोर्सला दरवर्षी दीड लाख, असं ६ लाख उचललं आणि व्याज १० टक्के सरळ धरलं, तर पाचव्या वर्षाअखेर व्याजाचेच २ लाख १० हजार झालेले असतात. हप्ता मग ८ लाख १० हजारांवर बसतो. दहा वर्षांच्या मुदतीला तो महिना सुमारे १०,७०० रुपये. त्याऐवजी शिकत असताना नुसतं व्याज भरत राहिलात, म्हणजे पहिल्या वर्षी महिना १,२५०, दुसऱ्या वर्षी २,५०० असं, तर हप्ता सुमारे ७,९०० वर थांबतो. जमेल तेवढं व्याज भरत राहा, अर्धं का होईना.

उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेतून या काळातलं सगळं व्याज सरकार भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, ते पोर्टलवर बघा. ही अनुदानं बहुतेक आपोआप लागत नाहीत. बँकेत उत्पन्नाचा दाखला देऊन 'मला अनुदानासाठी नोंदवा' असं लेखी सांगावं लागतं.

शाखेतल्या माणसाने 'आमच्याकडे होत नाही' असं तोंडी सांगितलं तर अर्ज तरी घ्या म्हणा, आणि नकार लेखी मागा. बऱ्याचदा लेखी द्यायची वेळ आली की होत नाही ते होऊ लागतं.

खासगी वित्तसंस्थांचं कर्ज चटकन मिळतं, व्याज जास्त असतं. सरकारी बँकेने लेखी नकार दिल्याशिवाय तिकडे वळू नका.

फसवणारे फोन

"तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, प्रोसेसिंगचे ९९९ रुपये भरा." असा फोन आला की ठेवून द्या. महाडीबीटी किंवा एनएसपीवर अर्ज करायला सरकार पैसे घेत नाही. ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, उशीर केला की रक्कम पुढे सरकत जाते. आणि 'साहेबांची ओळख आहे, दोन टक्के द्या, लवकर करून देतो' म्हणणारा माणूस ऑफिसबाहेरच्या टपरीवर हमखास भेटतो. अर्ज जिथे अडकलाय ते तुमच्या लॉगिनमध्ये तुम्हालाच दिसतं, त्याला नाही.

दुसरं वर्ष

शिष्यवृत्ती एकदा मिळाली की चार वर्षं आपोआप येते, असं मुलांना वाटतं. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, नव्या गुणपत्रिकेसह, आणि दाखल्याची वैधता संपली असेल तर नव्या दाखल्यासह. पहिल्या वर्षी आई-वडील सोबत येतात, दुसऱ्या वर्षी मूल एकटं असतं, सबमिशन, परीक्षा, गॅदरिंग, आणि मुदत निघून जाते. घरच्या कॅलेंडरवर मुलाच्या वाढदिवसाला जसा गोल करता, तसाच पोर्टल सुरू झाल्याची बातमी आली की शेवटच्या तारखेला लाल गोल करा, आणि त्याच्या आठवडाभर आधी होस्टेलवर फोन लावून विचारा: "फॉर्म भरलास का? पोच कुठंय?"